तबकडीतलं रविवारचं जेवण

एर्विननं सगळं विचार करून ठरवलं होतं. या घराण्यात वाटोळं होतं ते विचार करून ठरवलेल्या गोष्टींचंच.

एतेलामावशी व्हिएन्नाहून येणार होती. ती आईच्या घराची पायरी चढत नाही, आई तिच्या घरी जात नाही. मग दोघी बहिणींना समोरासमोर बसवायचं कुठं? तिसऱ्याच जागी. म्हणून त्यानं पुलावरच्या तबकडीत टेबल सांगून ठेवलं. डॅन्यूबवरच्या त्या पुलाचे दोन तिरके पाय पेत्रझाल्काच्या काठावर उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ते काचेचं गोल हॉटेल आहे, कुणीतरी जेवून ताटली तिथंच विसरून गेल्यासारखं. तरुणपणी एर्विनच्या वडिलांनी, व्हेंडेलिननं, याच पायांचं वेल्डिंग केलं होतं. एर्विन स्वतःही पुलांचाच इंजिनिअर. त्याला वाटलं, बाबांबद्दलचं बोलणं बाबांच्याच कामावर बसून झालं तर तेवढंच शोभून दिसेल.

आणि बोलणं होतं बाबांच्या अस्थिकलशाचं. व्हेंडेलिन फेब्रुवारीत गेला. आता द्राक्षं उतरवून झाली, बाजारात नवी फसफसती वाईन आली, तरी कलश अजून आईच्या, गिझेलाच्या, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. तिला तो आपल्या वडिलांच्या कबरीत ठेवायचा होता. पुढं आपणही तिथंच जायचं, असं तिचं ठरलेलं. पण कबर दोघी बहिणींच्या नावावर होती. एतेलाची संमती हवी होती, आणि एतेलानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ज्यानं माझ्या बापाचं घर पाडलं, तो माझ्या बापाशेजारी निजणार नाही."

"खिडकीजवळचं टेबल मिळालंय," लिफ्टमध्ये एर्विन बायकोला म्हणाला. लिफ्ट पुलाच्या पायातून तिरकी वर चढत होती. "सगळ्यात चांगला देखावा. समोर किल्ला, समोर चर्च."

डागमारनं त्याच्याकडं नीट पाहिलं. पंचवीस वर्षं ती या घरात सून होती आणि यांना काही सुचवायचं तर कुठल्या क्षणी सुचवू नये, एवढं तिला कळून चुकलं होतं. तो क्षण हाच होता. तरी तिनं विचारलं, "आणि किल्ल्याच्या खाली काय आहे?"

"खाली? रस्ता. पुलावरून येणारा."

"आणि रस्त्याच्या आधी काय होतं?"

एर्विनचं तोंड उघडलं. तेवढ्यात लिफ्टचं दारही उघडलं.

वर त्यानं टेबल बदलून मागितलं, विनवणी केली, शेवटी खोकलाही काढून पाहिला, खिडकीचा गारवा सोसत नाही म्हणून. वेट्रेस हसली. रविवार होता, सगळं भरलेलं. "लोक याच टेबलासाठी महिनाभर थांबतात, साहेब," ती म्हणाली.

*

एतेला आली ती ओतीलियाचा हात धरून. ओतीलिया ही एर्विनची धाकटी बहीण. मावशीला स्टेशनवरून आणायचं काम नेहमी तिचंच, कारण मावशी या घरात तिच्याशी तेवढी धड बोलायची. सत्त्याहत्तरीची एतेला काळा कोट, काळी टोपी आणि ताठ मान घेऊन आत शिरली. तिनं कुणाच्या गालाला गाल लावला नाही. सरळ काचेपाशी गेली आणि थांबली.

खाली नदी होती. पलीकडच्या काठावर चर्चचा मनोरा, वर किल्ला, आणि या दोघांच्या मधून रुंद रस्ता, जखम शिवल्यावर राहणाऱ्या वणासारखा. तिथं पूर्वी किल्ल्याच्या पायथ्याची गल्ली होती. गल्लीत दोघी बहिणींच्या वडिलांची, त्यांच्या बाबांची, बेकरी, बेकरीच्या डोक्यावर दोन खोल्या. भिंतीपलीकडून भट्टीची ऊब यायची म्हणून दोघी मुली त्या भिंतीला पाठ लावून झोपायच्या. एतेलानं नजरेनं चर्चपासून मोजत मोजत ती भिंत शोधली. जिथं तिची उशी होती तिथून लाल बस गेली. बस पुलावर आली, आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

"मुद्दाम आणलंस मला इथं," ती वळून म्हणाली.

"मावशी, देवाशपथ मुद्दाम नाही—" एर्विन.

"मुद्दाम नाही? मग नुसताच मूर्ख आहेस. बापावर गेलास."

"त्याच्या बापाला मध्ये आणू नकोस," मागून आवाज आला.

गिझेला पोचली होती. तिचं घर जवळच, ती चालत आली होती, कोटाचं वरचं बटण लागलेलं आणि छातीशी पत्र्याचा डबा. ओतीलियानं तो डबा पाहिला. 'आई, आज नको होता आणायला,' ती मनात म्हणाली. पण आपल्याकडची बाई रिकाम्या हातानं जेवायला जाईल का? अगदी तबकडीतसुद्धा?

"बाहेरचं खाणं इथं चालत नाही, आजी," वेट्रेस धावत आली.

"बाहेरचं कुठं? घरचं आहे," गिझेला म्हणाली आणि डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. बाजूचे लोक वळून पाहायला लागले. वेट्रेसनं एर्विनकडं पाहिलं, एर्विननं छताकडं, आणि डबा तिथंच राहिला.

मग एक गंमत झाली, जी फक्त डागमारला दिसली. दोघी बहिणी एकमेकींकडं न बघता खुर्च्यांशी आल्या. एतेलाचा उजवा कान आता निकामी झाला होता, थेट बाबांसारखा. गिझेलाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी ती न विचारता जाऊन तिच्या डाव्या हाताला बसली, लहानपणी सगळं घर बाबांच्या डाव्या हाताला बसायचं तशी. भांडायला आलेली माणसंसुद्धा सवयीनंच बसतात.

*

पहिलं भांडण सूपवरून झालं. म्हणजे बहिणींचं नाही, बहिणींचं आणि हॉटेलचं.

"सूप नाही?" एतेलानं मेनू पालथा करून पाहिला. "रविवारी?"

"भोपळ्याचं क्रीम आहे," वेट्रेस म्हणाली.

"क्रीम तोंडाला लावतात," गिझेला म्हणाली. "रविवारी दुपारी कोंबडीचं सूप असतं. त्यात शेवया असतात. हे सांगायला लागतं?"

"बदक आहे, लाल कोबीसोबत."

"बदक मागवा," एतेला म्हणाली. बदक आलं. प्रचंड ताटलीच्या मध्यावर मांसाचे तीन काप आणि कोबीचा एक ठिपका. दोघी बहिणींनी एकदम ताटलीकडं पाहिलं, मग एकदम एकमेकींकडं. गिझेलाच्या ओठाचा कोपरा हलला. एर्विनला तेवढ्यानं धीर आला, आणि धीर आला की हा माणूस बोलतोच.

"मावशी, आपण शांतपणे... बाबांनी घर पाडलं नाही गं. पाडणारे वेगळे. बाबा नुसते वेल्डर होते. हा पूल ठरला वर, त्या वेळच्या सरकारात. बाबा नसते तर दुसरा कुणी आला असता."

"मग दुसऱ्या कुणाला पुरा माझ्या बापाशेजारी!"

"मला मावशींचं पटतं," डागमार म्हणाली. तिलाच स्वतःच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. "कबरीचं नाही म्हणत मी. पण माणसाला बोलावून असं खिडकीशी बसवायचं, त्याचं घर जिथं होतं ती जागा समोर मांडून, आणि वर देखावा चांगला म्हणायचं... एर्विन, माझ्या माहेरच्यांना असं बसवलं असतंस तर मी उठून गेले असते."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" एर्विन दातांतून म्हणाला.

"आज कुणाच्याच नाही. मला भूक लागलीय."

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ओतीलिया भावावर उखडली. "पण तू विचारशील कशाला? तू टेबलं सांगून ठेवतोस. बाबा आजारी पडले तेव्हाही असंच, आधी खाट बदलून ठेवलीस आणि मग त्यांना विचारलंस, बाबा, बरं वाटतंय ना? रात्रभर बिचारे भिंतीकडं पाय करून—"

"बिचारा!" एतेला हसली, वाईट हसली. "तुमचा बिचारा डोंगरातून पिशवी घेऊन आला होता. आमच्या दुकानात सकाळी उधारीवर पाव खायचा. दुपारी जाऊन त्याच दुकानाच्या छाताडावर पूल बांधायचा. आणि संध्याकाळी मालकाच्या मुलीला फिरायला न्यायचा. कमाल आहे ना? आमचं पीठ खाल्लं, आमची पोरगी नेली, आमचं घर नेलं."

"एते, पुरे." गिझेलाचा आवाज खाली गेला. ज्यांनी तिच्या हातचा मार खाल्लाय त्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. एर्विननं खुर्ची मागं घेतली.

"का पुरे? खोटं आहे?"

"खोटं नाही. अर्धं आहे. उरलेलं तुला कसं माहीत असणार, तू होतीस कुठं? अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये दोन पिशव्या घेऊन निघालीस. 'आठवड्यात येते, गिझी.' आजतागायत मी तो आठवडा मोजतेय."

"रस्त्यावर रशियन रणगाडे होते!"

"आमच्या दारासमोरही होते. पण आमच्या दारात बाबाही उभे होते. तुला रणगाडे दिसले. मला दोन्ही दिसले, म्हणून मी राहिले."

"मला परत येऊ देत नव्हते!"

"तेही माहीत आहे. तरी राग येतो. माहीत असल्यानं राग जात असता तर आपल्या घरात कुणी कुणावर रागावलंच नसतं."

वेट्रेस बदकाच्या ताटल्या उचलायला आली आणि तशीच परत गेली.

एतेलानं टोपी काढली. टोपीखाली ती एकदम लहान दिसायला लागली. "बाबांना पुरलं त्या दिवशी मी कुठं होते, ठाऊक आहे तुला?" ती बहिणीला नाही, काचेला म्हणाली. "हाइनबुर्गच्या टेकडीवर. आपल्या हद्दीपलीकडं, तिथून हे शहर दिसतं. शेजाऱ्याची दुर्बीण मागून आणली होती. म्हटलं, दफनभूमी दिसेल, निदान झाडं दिसतील. दिवसभर उभी होते. काय दिसलं? ही तबकडी. बाकी काही नाही, ही तबकडी! बापाच्या मातीला मी याच्याकडं बघत उभी होते. आणि तू मला सांगतेस, याच्या वेल्डरला बाबांशेजारी ठेव."

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गिझेलालासुद्धा. तिचा हात टेबलावरून थोडा पुढं सरकला, पण राग आणि कीव एकदम आली की आमच्यात राग आधी बोलतो. हात परत मांडीवर गेला.

"त्या दिवशी खड्ड्यात माती लोटायलाही तोच होता," ती म्हणाली. "दुसरं होतं कोण?"

*

कॉफी आली आणि कॉफीबरोबर जे व्हायचं ते झालं. कॉफीला सोबत लागते, आणि सोबतीला मधोमध तो डबा.

भटारखान्यात वाढलेल्या मुली कितीही भांडोत, समोर भाजलेली वस्तू असली तर ती उचलून बघितल्याशिवाय राहत नाहीत. एतेलानं झाकण उघडलं. आत सारण भरून वळलेले गोड पाव, खसखशीचे नाल आणि अक्रोडाच्या चंद्रकोरी, बाबांच्या मापाचे, बाबांच्या रांगेत रचलेले. तिनं एक नाल घेतला, उजेडाकडं धरला, फिरवला. ओतीलियानं डोळे मिटले.

"हे काय आहे?"

"नाल."

"याला तडे कुठं आहेत?"

खरंच नव्हते. बाबांचे नाल ओळखायचे ते तड्यांवरून. आधी अंड्याच्या पिवळ्याचा हात द्यायचा, गारव्यात वाळवायचं. मग पांढऱ्याचा हात, आणि मग वाऱ्याच्या झोतात धरायचं, बरोबर हवं तेवढंच. भट्टीत गेलं की वर संगमरवरासारखी नक्षी फुटायची. आज डब्यातले नाल वरून गुळगुळीत होते, बोडके.

"तुझा हात गेला, गिझी," एतेला म्हणाली. यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दर नाताळात ओती डबा घेऊन यायची. त्याआधी कुणाकुणाच्या हातून चोरून यायचा. मी सिंकपाशी उभी राहून खायचे, बसून नाही, बसले तर रडायला यायचं. वाटायचं, बाबाच उठून आलेत. मी म्हणायचे, त्या माणसापायी हिनं सगळं सोडलं, पण बाबांचा हात सोडला नाही. एवढ्यावर मी तुला धरून होते. आता तोही गेला."

गिझेलाला गप्प बसता आलं असतं. इतकी वर्षं बसलीच होती.

"गेला," ती म्हणाली. "फेब्रुवारीत."

"काय?"

"बाबांचा हात. फेब्रुवारीत गेला. पिठाच्या डब्याशेजारी ठेवलाय."

खालून बस गेली. कॉफीच्या कपांनी बशांवर दात वाजवले. एतेलानं भाचीकडं पाहिलं, आणि ओतीलियाच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"ते सगळे डबे," एतेला सावकाश म्हणाली. "तो?"

"आमचे बाबाच करायचे, मावशी," ओतीलिया म्हणाली. "आम्हाला बजावून ठेवलं होतं, सांगायचं नाही. म्हणायचे, कळलं तर फेकून देईल."

"दिलाच असता!"

"म्हणूनच," एर्विन म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं शहाणं वाक्य.

एतेला उठली. खुर्ची मागं पडता पडता राहिली. "चोर," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "चोर आहात सगळे. मी त्याचं खात होते? इतकी वर्षं? बोटं ओली करून चुरा टिपत होते, तो त्याचा? तोंडातला घाससुद्धा माझा ठेवला नाहीत! आणि बाबा? बाबांनी शिकवलं त्याला? मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, पोरींचं काम नाही ते. मला शिकवलं नाही, तुला शिकवलं नाही, आणि त्याला?"

"ओरडू नकोस, ऐक," गिझेला स्वतःच ओरडली. "बस आणि ऐक, एकदाचं. घर गेलं, आम्ही त्या नव्या इमारतीत आलो. दोन खोल्या, एक गॅसची शेगडी, तिच्याखाली एवढासा ओव्हन, भट्टी नाही. बाबांनी व्हेंडेलिनला वर्षभर एक शब्द दिला नाही. जेवताना मुद्दाम उजव्या हाताला बसवायचे, बहिऱ्या बाजूला. तो 'सूप द्या' म्हणाला तरी ऐकू यायचं नाही. मी मधे बोलायला गेले तर व्हेंडेलिन म्हणायचा, राहू दे, त्यांचा हक्क आहे. वर्षभर, एते! एवढ्याशा घरात!"

एतेला उभीच होती, पण ऐकत होती. डावा कान इकडं वळला होता.

"मग नाताळ आला. बाबांनी त्या ओव्हनमध्ये नाल करायला घेतले. पांढऱ्याचा हात दिला आणि वाळवायला वारा नाही. इमारतीत कुठला वारा? खिडकीत ठेवला तर ट्रे पडेल. इकडून तिकडं फिरले, शिव्या दिल्या. मग व्हेंडेलिनच्या हातात ट्रे आदळला आणि म्हणाले, 'पुलावर वाऱ्यात उभं राहायची सवय आहे ना तुला? मग धर.' वर्षातले पहिले शब्द. हा बाल्कनीत ट्रे धरून उभा राहिला. बर्फ पडत होता. बाबा आतून सांगत होते, डावीकडं कलव, आता थांब, आता उलट. आत आला तेव्हा बोटं निळी. भाजून झाल्यावर बाबांनी तडे पाहिले. जेवायला बसताना फक्त डावीकडची खुर्ची ओढून दिली."

डागमारनं नवऱ्याकडं पाहिलं. एर्विन रडत होता आणि बदकाचा मेनू वाचत असल्याचं दाखवत होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. टेबलाबद्दलचा राग तिनं घरी जाऊन काढायचं ठरवलं.

"मला नाही जमत," गिझेला म्हणाली, आणि तिचा राग एकदम कुठं धरावा हे तिलाच कळेनासं झालं. "मी किती वेळा केले यंदा. बाल्कनीत उभी राहिले, उंच स्टुलावर ठेवले, पंखासुद्धा लावला. नाही फुटत. तो मेला तो सगळं घेऊन मेला, गाढव. मला सांगितलंसुद्धा नाही."

*

एतेला पुन्हा काचेपाशी गेली होती. पाठमोरी. खाली रस्त्यावर दिवे लागायला अजून अवकाश होता. चर्चच्या मागं ऊन उतरत होतं. तिला जिथं भिंत होती ती जागा आता चटकन सापडत होती, आणि याचाही तिला संताप येत होता.

"दफनभूमी कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

एर्विन उठून तिच्याशेजारी उभा राहिला आणि बोट दाखवलं. मधे नव्या इमारती होत्या.

"इथूनही दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही, मावशी."

"मग कशाला बांधलं एवढं उंच?" आणि तिनं नाक पुसलं. वेट्रेस डबा बाजूला सारून टेबल पुसायला लागली होती. एतेला तरातरा आली, तिच्या हातून डबा काढून घेतला, झाकण दाबून बसवलं आणि काखेत मारला. बोडके नाल, तरीही. आपल्याकडं जेवणाहून परतताना हाती दिलेला डबा जो नेत नाही, तो पुन्हा येत नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला, सीमा उघडल्यावर ती पहिल्यांदा आली होती तेव्हा, असाच एक डबा ती दफनभूमीच्या फाटकापाशी ठेवून निघून गेली होती. गिझेलाला तो आठवला. एतेलालाही.

"मी त्याला माफ केलेलं नाही," एतेला म्हणाली.

"मागितलीय कुणी?"

"तुलाही नाही."

"नको करूस. सवय झालीय."

ओतीलियानं मावशीला कोट घालायला मदत केली. मावशीनं एक बाही घातली, दुसरी घालता घालता थांबली. डबा सोडायला तयार नव्हती, त्यामुळं बाही अडकली होती. सगळे उभे. लिफ्ट वर आली, दार उघडलं.

"बाबांच्या डावीकडं ठेव त्याला," एतेला कुणाकडंच न बघता म्हणाली. "उजवीकडं ठेवलास तर संमती परत घेईन."

आणि ती आधी आत शिरली, डबा काखेत, एक बाही लोंबत, आणि गिझेलासाठी आपल्या डाव्या हाताला जागा सोडून उभी राहिली.